जम्बो : एका हत्तीचं नाव, एक विशेषण

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मुंबईत पश्चिम रेल्वेनं जाणाऱ्या-येणाऱ्या माणसाला ‘जम्बो’ शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. रूळ, सिग्नल आणि वरच्या तारा यांच्या दुरुस्तीसाठी बहुधा रविवारी पाचएक तास गाड्या एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळवतात, काही रद्द करतात. पश्चिम रेल्वे त्याला म्हणते जम्बो ब्लॉक. काम तेच, वार तोच, तासही साधारण तेवढेच, पण दादरचा पूल ओलांडून मध्य रेल्वेच्या फलाटावर उतरलात की त्याचंच नाव होतं मेगाब्लॉक. मेगा हा ग्रीक. शास्त्रज्ञांनी वापरून वापरून गुळगुळीत केलेला, मोजमापाचा शब्द. जम्बोचं तसं नाही. तो कुठल्या कोशकारानं घडवला नाही, की कुठल्या प्राध्यापकानं ग्रीक-लॅटिनमधून उचलला नाही. जम्बो हे एका हत्तीचं नाव होतं. त्या हत्तीला आईबाप होते, रखवालदार होता, त्याच्या दाढा दुखत असत आणि तो चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी आगगाडीखाली मेला. आज मी बोलणार आहे ते या शब्दाविषयी, आणि ओघानं त्या हत्तीविषयी.

आधी आपण हा शब्द मराठीत कुठे-कुठे वापरतो ते पाहू. राजकीय पक्षाची नवी यादी आली आणि तिच्यात उपाध्यक्षच वीस-पंचवीस निघाले, की वर्तमानपत्रं ‘जम्बो कार्यकारिणी’ असा मथळा देतात. मंत्रिमंडळ फुगलं की ते जम्बो मंत्रिमंडळ. सरकारी नोकऱ्यांची मोठी जाहिरात निघाली की जम्बो भरती. वडापाव नेहमीपेक्षा मोठा असला की जम्बो वडापाव. २००१ साली मालाडला सुरू झालेल्या एका दुकानमालिकेनं तर आपलं नावच जम्बोकिंग ठेवलं. २०२०च्या करोनाच्या साथीत मैदानांवर मांडव घालून रुग्णालयं उभी राहिली, पुण्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या मैदानावर, मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात, त्यांनाही आपण जम्बो कोविड सेंटर म्हटलं.

आता उलटं करून बघा. ‘जम्बो मोर्चा’ असं कुणी म्हणतं का? मोर्चा विराट असतो. मंदिर भव्य असतं, हिमालय उत्तुंग असतो, समुद्र अथांग असतो. जम्बो हिमालय म्हटलं तर लहान मूलसुद्धा हसेल. म्हणजे हा शब्द नुसता मोठेपणा सांगत नाही. मोठं केलेलं, फुगवलेलं, गिऱ्हाइकापुढे मांडलेलं असं काही असलं तरच तो शोभतो. त्याला दुकानाचा वास आहे. हा वास कुठून लागला ते हत्तीची गोष्ट ऐकल्यावर कळतं.

पण गोष्टीला सुरुवात हत्तीच्याही आधी होते. १७३८ साली फ्रान्सिस मूर नावाच्या इंग्रजानं पश्चिम आफ्रिकेतल्या गॅम्बिया नदीच्या काठच्या आपल्या मुक्कामाचं वर्णन छापलं. तिथल्या मँडिंगो लोकांच्या गावात एक सोंग येतं, असं तो सांगतो. झाडाच्या सालीचा आठ-नऊ फूट लांबीचा झगा, वर गवताचा तुरा. घरात बायकांची भांडणं विकोपाला गेली की हे सोंग रात्री येऊन निवाडा करी, आणि तो निवाडा बायकांच्या बाजूनं क्वचितच लागे. या सोंगाचं नाव त्यानं लिहिलं मंबो-जंबो. इंग्रजीत पुढे या जोडशब्दाचा अर्थ झाला अगम्य बडबड, थोतांड. सोंग कुणाचं, न्याय कसला, हे सगळं गळून पडलं आणि साहेबाला न कळलेली भाषा एवढंच उरलं.

त्यातला दुसरा तुकडा, जंबो, एकटाही हिंडू लागला. १८२३ साली लंडनमध्ये छापलेल्या बोलभाषेच्या एका कोशात तो सापडतो. अर्थ दिला आहे अवजड, बेंगरूळ माणूस. आपल्याकडे एखाद्याला ‘धोंड’ किंवा ‘ठोंब्या’ म्हणतात ना, त्या जातीचा शब्द. म्हणजे हत्ती लंडनला येण्याच्या चाळीसएक वर्षं आधीच हा शब्द तिथल्या गल्ल्यांत होता.

आता हत्ती. १८६०च्या सुमाराला जन्मलेलं हे आफ्रिकी हत्तीचं पिल्लू सुदान आणि इथिओपिया यांच्या सीमेवरच्या प्रदेशात शिकाऱ्यांनी पकडलं. हत्तीचं पिल्लू पकडायचं म्हणजे आधी त्याच्या आईला मारायचं, हा त्या धंद्याचा रिवाज होता. प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी ते वाळवंटातून, मग समुद्रावरून युरोपात आणलं आणि ते पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचलं. तिथे त्याचे हालच झाले. २६ जून १८६५ रोजी लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं अदलाबदलीत ते घेतलं. बदल्यात लंडननं पॅरिसला जे प्राणी दिले त्यांत एक गेंडा होता. एक गेंडा द्या, एक हत्ती घ्या, असा तो सरळ सौदा.

इथे जरा थांबून एक आपल्या घरची गोष्ट सांगतो, कारण साल जवळचं आहे. मुंबईजवळच्या घारापुरीच्या बेटावर पूर्वी एक भला मोठा दगडी हत्ती उभा होता. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली इंग्रजांनी हा दगडी हत्ती विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना यारी मोडली, हत्ती खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे मुंबईच्या राणीच्या बागेत आणून ठेवले. १९१४ साली ते पुन्हा जोडले आणि आज तो हत्ती भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. आमचा दगडी हत्ती लंडनला जायचा राहिला आणि पुढच्याच वर्षी आफ्रिकेचा जिवंत हत्ती तिथे पोहोचला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, पण त्या काळी साहेबाला कोणती वस्तू उचलून घरी न्यावीशी वाटत होती ते यावरून कळतं.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचा अधीक्षक होता अब्राहम बार्टलेट. त्यानं हत्ती पाहिला तेव्हा तो घाणीनं माखलेला, रोगट, अंगावर जखमा असलेला असा होता. मॅथ्यू स्कॉट नावाच्या रखवालदाराकडे त्याला सोपवलं. स्कॉट एकटा माणूस, फार कुणात न मिसळणारा. त्यानं या पिल्लाची अशी शुश्रूषा केली की पुढची वीस वर्षं दोघं एकमेकांना सोडून राहिले नाहीत. इथेच केव्हातरी त्याचं नाव पडलं जम्बो.

हे नाव का पडलं, याविषयी विद्वानांत एकमत नाही. कुणी म्हणतं स्वाहिली भाषेत ‘जांबो’ म्हणजे नमस्कार, त्यावरून. कुणी म्हणतं ‘जुंबे’ म्हणजे गावचा मुखिया, त्यावरून. ऐकायला दोन्ही छान आहेत. पण स्वाहिली ही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याची भाषा. हे पिल्लू आलं ते सुदानच्या बाजूनं, अरबी बोलणाऱ्यांच्या हातून. मग लंडनच्या बागेत स्वाहिली कुठून आली? मला वाटतं, ज्यानं नाव ठेवलं त्याच्या कानावर गल्लीतला तो जुना शब्द होता. अवजड, बेंगरूळ, ठोंब्या. मरतुकड्या पिल्लाला असं नाव ठेवण्यात थोडी थट्टाही असेल. आपल्याकडे काडीसारख्या मुलाला ‘पैलवान’ म्हणतात, तसं. जाता जाता हेही सांगून टाकतो, की या शब्दाचा आपल्या जंबुद्वीपाशी आणि जांभळाशी काही संबंध नाही. आपल्याकडे प्रत्येक इंग्रजी शब्दाच्या मुळाशी संस्कृत शोधणारी मंडळी आहेत, त्यांच्यासाठी हे सांगावं लागतं.

पिल्लू वाढलं. भराभर वाढलं. युरोपात तोवर एवढा मोठा आफ्रिकी हत्ती कुणी पाहिला नव्हता. त्याच्या पाठीवर हौदा बांधून मुलांना फेऱ्या मारून आणत. रोज, वर्षानुवर्षं. बागेत येणारं प्रत्येक मूल त्याला पाव, बिस्किटं, मिठाई भरवत असे. लंडनमधल्या मुलांच्या दोन पिढ्यांसाठी हत्ती म्हणजे जम्बो.

दिवसा असा गरीब असलेला हा हत्ती रात्री मात्र पिसाळत असे. कोठीच्या भिंतींना धडका देई, लोखंडी पत्र्यांवर सुळे घाशी. त्यात त्याचे सुळे मोडले. अशा वेळी स्कॉट उठून जाई, त्याला बिअर किंवा व्हिस्की पाजी आणि स्वतःही घेई. बार्टलेटला धाक बसला, की हा हत्ती माजावर आला तर एखाद्या दिवशी पाठीवर मुलं असतानाच भडकेल. गरज पडल्यास त्याला मारता यावं अशी सोय करून ठेवण्याची परवानगीही त्यानं वरिष्ठांकडे मागितली.

अशा वेळी अमेरिकेतून मागणी आली. फिनिअस बार्नम हा सर्कसवाला. जाहिरातीच्या धंद्याचा तो आद्य महाराज म्हटला तरी चालेल. त्यानं जानेवारी १८८२मध्ये जम्बोला दोन हजार पौंडांना विकत घेतलं. बार्टलेटनं सुटकेचा श्वास टाकला असेल. लंडननं मात्र आकाशपाताळ एक केलं. एक लाख शाळकरी मुलांनी व्हिक्टोरिया राणीला पत्रं लिहिली, की आमचा जम्बो देऊ नका. प्राणिशास्त्र मंडळाचे काही सभासद कोर्टात गेले. कोर्टानं विक्री कायदेशीर ठरवली. डेली टेलिग्राफच्या संपादकानं बार्नमला तार केली, की किती पैसे घेऊन हा सौदा मोडाल? त्यानं उलट तारेनं कळवलं, की अमेरिकेतले पाच कोटी लोक जम्बोची वाट पाहताहेत, एक लाख पौंड दिलेत तरी नाही.

आणि खुद्द जम्बो? तो पेटाऱ्यात शिरायलाच तयार होईना. चालत बंदरावर न्यायचा बेत केला, तर तो रस्त्यात बसला. बार्नमच्या माणसानं घाबरून तार केली. बार्नमचं उत्तर असं, की पडू दे त्याला तिथेच, हवं तितका वेळ पडू दे, याहून चांगली जाहिरात जगात मिळणार नाही. या एका उत्तरात त्या शब्दाचं पुढचं सगळं आयुष्य आलं असं मला वाटतं. हत्ती रस्त्यात बसला होता तो जायचं नव्हतं म्हणून. पाहणाऱ्यानं त्याची किंमत केली ती तिकिटात. त्या काही आठवड्यांत प्राणिसंग्रहालयाचीही तिकिटं धो-धो खपली, हे सांगायला हवं. जम्बोला निरोप द्यायला हजारो लोक रोज येत होते. दुकानांतून जम्बोच्या नावाचे टाय, टोप्या, चिरूट विकायला आले. हत्तीशी काही संबंध नसलेल्या वस्तूंना त्याचं नाव लागायला सुरुवात झाली ती इथे. चिरुटाला जम्बो म्हटलं तेव्हा त्याला सोंड असते असा अर्थ नव्हता, तो नेहमीपेक्षा जाड असतो एवढाच अर्थ होता. नामाचं विशेषण झालं. व्याकरणात ही साधी गोष्ट आहे. नारदाचं नाव घेऊन आपण कळलाव्याला नारद म्हणतोच. पण जम्बोच्या बाबतीत हे नाम अजून जिवंत होतं, गवत खात होतं.

शेवटी स्कॉटला बरोबर घेतल्यावर हत्ती पेटाऱ्यात गेला. मार्च १८८२मध्ये ‘असीरियन मोनार्क’ या बोटीनं तो निघाला आणि ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी न्यूयॉर्कला उतरला. बार्नमचा सगळा खर्च पहिल्या काही आठवड्यांतच वसूल झाला. योगायोग असा, की आपल्याकडे विष्णुपंत छत्र्यांनी पहिली देशी सर्कस काढली ती १८८०ची, म्हणजे जम्बो अमेरिकेला गेला त्याच्या दोनच वर्षं आधी. सर्कशीचा तो भराचा काळ होता.

बार्नमनं एक युक्ती केली. जम्बोची उंची तो कुणाला मोजू देत नसे. जाहिरातीत मात्र आकडा चढता. बारा फूट, तेरा फूट. खरी उंची मरतेवेळी साडेदहा फुटांच्या आसपास होती. त्या वयाच्या आफ्रिकी नराला तीही पुष्कळच. पण साडेदहा फुटांचा हत्ती आणि जाहिरातीतला हत्ती यांच्यामध्ये जी दीड-दोन फुटांची हवा आहे, ती आपल्या आजच्या ‘जम्बो पॅक’मध्येही असते. पाकीट मोठं, आत वेफर्स तेवढेच.

न्यूयॉर्कचा ब्रुकलिनचा पूल १८८३ साली खुला झाला आणि आठवड्याभरातच तो पडतोय अशी आवई उठून चेंगराचेंगरीत बारा माणसं मेली. पुलाचा भरवसा पटवायला १७ मे १८८४ रोजी बार्नमनं त्यावरून एकवीस हत्ती चालवले. सगळ्यांत मागे जम्बो. पूल हलला नाही आणि बार्नमची फुकट जाहिरात झाली.

१५ सप्टेंबर १८८५च्या रात्री कॅनडात, ऑन्टॅरियोमधल्या सेंट थॉमस या गावी सर्कशीचा खेळ संपला. हत्तींना रुळांवरून चालवत त्यांच्या गाडीकडे नेत होते. जम्बो आणि टॉम थंब नावाचा एक छोटा हत्ती शेवटी राहिले होते. तेवढ्यात वेळापत्रकात नसलेली एक मालगाडी आली. टॉम थंबचा पाय मोडला. जम्बो थोड्याच वेळात मेला. स्कॉट त्याच्या अंगावर डोकं टेकून रडत होता. दुसऱ्या दिवसापासून बार्नमनं वर्तमानपत्रांना गोष्ट पुरवली, की छोट्या हत्तीला वाचवायला जम्बोनं स्वतःला गाडीपुढे झोकून दिलं. याला पुरावा काही नाही, पण गोष्ट खपली. पोट फाडलं तेव्हा आत इंग्लंडची नाणी, किल्ल्या, खिळे आणि पोलिसाची एक शिट्टी निघाली. इतक्या वर्षांत इतक्या मुलांनी त्याच्या सोंडेत काय-काय ठेवलं असेल, त्याचा हा हिशोब.

सांगाडा न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत गेला. २०१७ साली डेव्हिड अ‍ॅटनबरो यांच्यासोबत काही शास्त्रज्ञांनी तो पुन्हा तपासला आणि त्यावर बीबीसीनं माहितीपट केला. तिथे हाडांनी जे सांगितलं ते ऐकून मला तरी त्या पाव-बिस्किटांची गोष्ट पहिल्यासारखी गोड वाटेनाशी झाली. हत्तीच्या दाढा चारा, झाडाची साल, फांद्या चावून झिजतात आणि मागून नव्या दाढा पुढे सरकतात. मऊ खाण्यामुळे जम्बोच्या जुन्या दाढा झिजल्याच नाहीत. मागच्यांना वाट मिळेना, त्या वेड्यावाकड्या वाढल्या. म्हणजे रात्री पिसाळणारा हा हत्ती बहुधा माजावर नव्हताच, त्याच्या दाढा ठणकत होत्या. कमरेच्या आणि गुडघ्यांच्या हाडांवर म्हाताऱ्या हत्तीच्या असाव्यात अशा खुणा होत्या. वर्षानुवर्षं पाठीवर मुलांचं ओझं वाहिल्याच्या त्या खुणा. आणि तरी तो पुरता वाढलेलाही नव्हता. हत्तीचा नर चाळिशीपर्यंत वाढतो. जगातला सगळ्यांत मोठा म्हणून ज्याचं नाव मोठेपणाला लागलं, त्याची वाढ अजून व्हायची होती.

तुकोबांनी देवाकडे लहानपण मागितलं, ते ऐरावताच्या नशिबी येणारा अंकुश पाहून, हे आपल्या सगळ्यांना शाळेपासून पाठ आहे. विलायतेत ही गोष्ट कुणी ऐकली नसणार.

हत्ती गेला आणि शब्द राहिला. ऐंशीएक वर्षं तो कोळंबी, शेंगदाणे, पेन्सिली, साबण यांना चिकटून जगला. त्याला आकाशात नेलं ते विमानांनी. १९६०च्या दशकात पूर्वीच्या दुपटीहून जास्त प्रवासी नेणारं विमान येतंय म्हटल्यावर इंग्रजी वर्तमानपत्रांनी त्याला जम्बो जेट म्हटलं. कंपनीच्या दप्तरी त्याचं नाव नुसतं बोइंग ७४७. ९ फेब्रुवारी १९६९ला ते पहिल्यांदा उडालं आणि १९७०च्या जानेवारीत प्रवाशांना घेऊन जाऊ लागलं. पाठीवर पुढच्या बाजूला उंचवटा, खाली अठरा चाकं. हत्ती म्हणायला हरकत नव्हती.

मराठी माणसाच्या तोंडी जम्बो आला तो या विमानामुळे, असं मी समजतो. १९७१ साली एअर इंडियाचं पहिलं ७४७ आलं. त्याच्या खिडक्यांभोवती राजवाड्याच्या झरोक्यांची नक्षी रंगवली होती आणि नाव होतं ‘सम्राट अशोक’. सांताक्रूझला नातेवाइकाला पोहोचवायला अख्खं कुटुंब जायचं, ते निम्मं जम्बो बघायला. पुढे १ जानेवारी १९७८च्या संध्याकाळी तेच ‘सम्राट अशोक’ दुबईला निघालं आणि काही मिनिटांतच वांद्र्याच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं गेली. त्या पिढीच्या मुंबईकरांच्या मनात जम्बो म्हटलं की अजूनही त्या रात्रीची आठवण होते. एअर इंडियाच्या ताफ्यातलं शेवटचं ७४७ मुंबईहून उडालं ते २२ एप्रिल २०२४ला, प्रवासी न घेता, अमेरिकेत मोडीत निघायला. बोइंगनंही शेवटचं ७४७ जानेवारी २०२३मध्ये गिऱ्हाइकाला दिलं आणि उत्पादन थांबवलं.

विमानावरून तो शब्द पुन्हा माणसावर आला. अनिल कुंबळे यांना सगळे जम्बो म्हणतात. पुष्कळांना वाटतं, त्यांच्या मोठ्या पावलांमुळे. कुंबळ्यांनी स्वतः सांगितलेली हकिगत वेगळी आहे. दिल्लीला इराणी करंडकाच्या सामन्यात त्यांचा एक चेंडू एकदम उसळला. मिड-ऑनला नवज्योत सिद्धू उभे होते. ते ओरडले, जम्बो जेट! जेट पुढे गळलं, जम्बो राहिलं. म्हणजे हत्तीचं नाव विमानाला, विमानाचं नाव चेंडूला आणि चेंडूचं नाव गोलंदाजाला. आणि गोलंदाज अंगानं तरी काही हत्ती नाही. कसोटीतले ६१९ बळी मात्र जम्बो आहेत खरे.

राजकारणात हा शब्द टीकेचा झाला. १९९७ साली उत्तर प्रदेशात कल्याणसिंगांच्या मंत्रिमंडळात त्र्याण्णव मंत्री होते. पाठिंबा दिलेल्या प्रत्येकाला काहीतरी द्यायचं, त्याचा हा परिणाम. मग २००३ साली घटनेची एक्क्याण्णवावी दुरुस्ती झाली. मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या पंधरा टक्क्यांहून जास्त नको, असं ठरलं. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणून मुख्यमंत्री धरून ४३ मंत्री. गोव्यात चाळीस आमदारांचे पंधरा टक्के सहाच होतात, पण लहान राज्यांना किमान बाराची मुभा आहे, म्हणून तिथे बारा. जम्बो हा शब्द घटनेत नाही, पण त्याच्यावर घटनेनं मर्यादा घातली आहे असं म्हणायला हरकत नाही. पक्षाच्या कार्यकारिणीला मात्र अशी मर्यादा नाही, हे आपण पाहतोच.

कुणी मला विचारतं, मोठेपणासाठी मराठीत शब्द कमी होते का, की हा परका हत्ती आणावा लागला? शब्द भरपूर आहेत. अवाढव्य, अगडबंब, भीमकाय, टोलेजंग. पण यातलेही कित्येक असेच कुठून कुठून आले आहेत. ‘जंगी’ घ्या. फारसीत जंग म्हणजे लढाई, जंगी म्हणजे लढाईचा, लष्करी. आज आपल्याकडे जंगी स्वागत होतं, त्यात एकही शिपाई नसतो. ‘प्रचंड’ संस्कृतात उग्र होता, आता प्रचंड गर्दी नुसती मोठी असते. ‘अजस्र’ तर संस्कृतात सतत, अखंड चालणारं अशा अर्थाचा. आपण त्याला राक्षसाएवढा केला आणि मूळ अर्थ विसरलो. इंग्रजांनीही जगन्नाथाच्या रथावरून ‘जगरनॉट’ केला, वाटेत येईल ते चिरडत जाणारं काहीतरी असा. तेव्हा जम्बोला परका म्हणून हाकलण्यात अर्थ नाही. फक्त तो कुठे शोभतो ते पाहावं. लिहिताना काही जण ‘जंबो’ असा अनुस्वार देतात, काही ‘जम्बो’ असं जोडाक्षर करतात. दोन्ही चालतात.

२०२५च्या जुलैत कोल्हापूर जिल्ह्यात जे झालं ते पाहताना मला १८८२चं लंडन आठवत होतं. शिरोळ तालुक्यातल्या नांदणीच्या जैन मठातली महादेवी हत्तीण, लोकांची माधुरी, तीसहून जास्त वर्षं त्या गावात होती. तिच्या पायांचे आणि सांध्यांचे आजार पाहून मुंबई उच्च न्यायालयानं तिला जामनगरच्या वनतारा केंद्रात हलवायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. गाव रडलं. सह्यांची मोहीम झाली, कोल्हापूरपर्यंत मूक पदयात्रा निघाली. लंडनच्या मुलांचं प्रेम खोटं नव्हतं आणि नांदणीच्या लोकांचंही नव्हतं. फरक आहे तो महत्त्वाचा. लंडनला हत्ती विकला गेला, इथे न्यायालयानं हत्तिणीचं दुखणं पुढे ठेवून निकाल दिला. जम्बोच्या वेळी एक लाख पत्रांत, कोर्टाच्या खटल्यात, तारांत, त्याच्या दाढांविषयी कुणीच काही विचारलं नव्हतं. तो आमचा की त्यांचा, एवढाच वाद होता. नांदणीच्या वेळी निदान पायांचा प्रश्न वादाच्या मध्यभागी होता. निकाल कुणाला पटो न पटो, मला ही गोष्ट मोठी वाटते, आणि इथे मी जम्बो म्हणणार नाही.

एक सांगायचं राहिलं. जम्बोच्या कातड्याचं काय झालं? बार्नमनं आधीच व्यवस्था करून ठेवली होती. हेन्री वॉर्ड या कारागिरानं, हाताखाली तरुण कार्ल एकली होता, ते कातडं पेंढा भरायच्या वेळी ताणून ताणून मूळ हत्तीपेक्षा मोठं केलं. बार्नमची तशी इच्छाच होती. काही वर्षं तो भरलेला जम्बो सर्कशीबरोबर फिरला. लंडनला त्याची जोडीदारीण म्हणून ओळखली जाणारी अ‍ॅलिस हत्तीण होती, तिलाही बार्नमनं विकत आणून त्याच्या शेजारी उभं केलं. मग तो मॅसॅच्युसेट्समधल्या टफ्ट्स विद्यापीठाला दिला. तिथल्या खेळाडूंना आजही जम्बो म्हणतात. परीक्षेच्या आधी मुलं त्याच्या सोंडेत नाणी ठेवत, शेपूट ओढत. १९७५च्या एप्रिलमध्ये त्या इमारतीला आग लागली आणि हत्ती जळून गेला. क्रीडाविभागातल्या कुणीतरी राखेतली थोडी राख एका रिकाम्या बरणीत भरून घेतली. ती शेंगदाण्याच्या लोण्याची चौदा औंसांची बरणी. ती अजून त्या विद्यापीठात जपून ठेवली आहे.